व्याह्यांचा धुराशी दावा

आमच्या व्याह्यांइतका धुराचा दर्दी आणि त्यांच्याइतकाच धुराचा वैरी असलेला दुसरा माणूस तळेगावपासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत शोधून सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. लोक आभाळाकडे बघून पावसाचा अंदाज घेतात, व्याही धुराडं बघून घराचा अंदाज घेतात. धूर काळा असला की हवा कमी पडतेय, निळसर असला की वंगण जळतंय आणि पांढरा असला की कुठंतरी पाणी शिरलंय, असं त्यांचं शास्त्र आहे. ही मंडळी माझ्या मुलीला बघायला आली तेव्हा समोर पोहे आले, पाठोपाठ मुलगी आली, तरी यांची मान आपली खिडकीकडे. मध्येच उठले आणि "आलोच" म्हणून थेट मागच्या अंगणात गेले. तिथं आमचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब धुमसत होता. व्याह्यांनी उकिडवं बसून त्यात डोकावून पाहिलं, राख खाली पाडली, दोन लाकडं ओढून बाहेर टाकली आणि काळे हात घेऊन बैठकीत येऊन जाहीर केलं, "तुमच्याकडे अर्धवट जळतंय." आमच्या हिचा चेहरा पडला. तिला वाटलं, स्थळ गेलं. निघताना मात्र त्यांनी मला दाराआड घेतलं आणि हळूच म्हणाले, "मुलगी पसंत आहे. बंबाचं तेवढं बघा."

त्यांचं सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं. निवृत्त झाले ते चीफ इंजिनिअर म्हणून. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी मुंबईत समुद्र दिसणारे फ्लॅट घेतले आणि हे येऊन राहिले वराळ्याला, जिथून समुद्र दिसायचा तर मध्ये अख्खा सह्याद्री बाजूला करावा लागेल. मी कारण विचारलं तर म्हणाले, "इतकी वर्षं समुद्रावर काढली, पण बघितला कुठं? इंजिनरूमला खिडकी नसते, व्याहीबुवा." मी भूगोलाचा शिक्षक. मुलांकडून बंदरांची नावं घोकून घेण्यात माझी नोकरी संपली आणि एकही बंदर मी जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे आमचं जमलं. ते सांगत आणि मी पाचवीतल्या पोरासारखा विचारत सुटे. जहाजाचं तेल इतकं दाट असतं की तापवल्याशिवाय ते नळीतून पुढे सरकतच नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. "आपल्या रस्त्याला डांबर फासतात ना, त्याचा सख्खा भाऊच तो," ते म्हणाले. "तुमच्या घरातला पंखा, चष्मा, पायातली चप्पल, काही ना काही जहाजातून आलेलं असतं. पण धूर निघतो तिथं कुणाचं घर नसतं. म्हणून कुणी कधी विचारलं नाही."

आता मात्र जगभर विचारायला लागलेत, आणि व्याह्यांना वाटतं की ते सगळं आपल्यालाच विचारलेलं आहे. जहाजांचा धूर कमी करण्याचे जेवढे म्हणून उपाय निघाले, तेवढे सगळे त्यांनी वराळ्यात राहून स्वतःवर करून पाहिले आहेत. त्यातला पहिला, सावकाश जाण्याचा. जहाजाचा वेग थोडा उतरवला की तेल त्याच्या कितीतरी पट वाचतं, हे त्यांनी मला पाटीवर गणित मांडून पटवलंय. ते गणित त्यांनी स्कूटरला लावलं. एकदा लोणावळ्याला एका नातलगांच्या एकसष्टीला मी त्यांच्यामागे बसून गेलो. जुन्या हायवेवर कामशेतच्या पुढं एक सायकलवाला दूधवाला आमच्या बरोबरीला आला, थोडा वेळ आमच्याशी बोलला आणि कंटाळून पुढं निघून गेला. मग कोंबड्यांचा टेम्पो आला. क्लीनरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून विचारलं, "ओ काका, दोर टाकू का? बांधून नेतो!" व्याह्यांनी प्रसन्नपणे हात हलवला. मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतली.

पण गंमत पुढंच आहे. आम्ही पोचलो तेव्हा पहिली पंगत उठत होती आणि आमच्यासाठी पानं मांडली जात होती. आम्हाला मागं टाकून भरधाव गेलेले पाहुणे मांडवाबाहेर आपापल्या गाड्यांत एसी लावून ताटकळत बसले होते. व्याह्यांनी निघण्याआधी यजमानांना फोन करून "दुसरी पंगत कधी?" एवढंच विचारून घेतलं होतं. गाड्यांच्या त्या रांगेकडे बोट करून ते म्हणाले, "बघा, हे सगळे नांगर टाकून उभे! जहाजंही अशीच धावत येतात, व्याहीबुवा. धक्का रिकामा नसतो, मग बाहेर दिवसचे दिवस इंजिनं घरघरत ठेवून उभी राहतात. अरे, आधी विचारा आणि हळू या!" तेव्हापासून आमच्याकडे येण्याआधी त्यांचा फोन येतो, "धक्का मोकळा आहे का?" धक्का म्हणजे आमच्या पंख्याखालची आरामखुर्ची. आमची ही उत्तर देते, "धक्का मोकळा आहे, पण भात अजून कुकरात आहे." "मग मी हळू येतो," म्हणून ते फोन ठेवतात. विहीणबाई यावर एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "पूर्वी वर्षातून एकदा घरी यायचे, तेव्हा मात्र काही हळू यायचे नाहीत."

दुसरा उपाय, उभ्या गाडीचं इंजिन बंद करण्याचा. जहाज धक्क्याला लागलं तरी त्याचे जनरेटर चालूच असतात, कारण दिवे, पंप, शीतगृह हे सगळं त्यांच्यावर चालतं. ते बंद करून किनाऱ्यावरची वीज केबलनं जहाजाला द्यायची, हे व्याह्यांचं सगळ्यात लाडकं स्वप्न. त्यांच्याकडे गाडीतून जाणाऱ्या पाहुण्याला 'या' म्हणण्याआधी 'बंद करा' असं ऐकू येतं. घोरावाडी स्टेशनजवळच्या फाटकाशी एकदा आम्ही पायी उभे होतो. फाटक बंद, गाड्यांची ही रांग, आणि सगळ्यांची इंजिनं सुरू. व्याही काचेवर टकटक करत निघाले. बहुतेकांनी वयाकडे बघून इंजिन बंद केलं. एक जुनाट टेम्पोवाला मात्र म्हणाला, "बंद करतो काका, पन परत चालू न्हाई झाली तर?"

"मी ढकलीन," व्याही म्हणाले.

फाटक उघडलं आणि टेम्पो चालू झाला नाही. व्याह्यांनी बाह्या सारल्या. मुलीचे सासरे टेम्पो ढकलत असताना मुलीच्या बापाला नुसतं बघत उभं राहता येत नाही, म्हणून मीही खांदा लावला. नेमका माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. त्यानं थांबून आदबीनं विचारलं, "सर, टेम्पो घेतला का?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. सुमन भेटली आणि प्रकरण गंभीर झालं. वराळ्याच्या पुढं सुमन आणि तिचे सासरे आबा यांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. एका उन्हाळ्यात वादळी वाऱ्यानं त्याचं छप्पर फाटलं. लोखंडी खांब वाकले आणि प्लास्टिकचा कागद ताणून फडफडू लागला. व्याही स्कूटरवरून चालले होते, ते थांबून आत शिरले आणि डोळे विस्फारून म्हणाले, "केवढी ओढ आहे बघा या वाऱ्याला! आता जहाजांवर पुन्हा शिडं लावायला लागलेत, ठाऊक आहे?"

सुमन दोर धरून उभी होती. "माजं छप्पर उडालं आन् तुमाला शिडं सुचत्यात व्हय?" ती कडाडली.

व्याही वरमले. मग दिवसभर तिथंच थांबून त्यांनी तो कागद जहाजावरच्या गाठी मारून बांधून दिला. त्या गाठी आता सोडवायच्या म्हटल्या तरी कुणाला सुटत नाहीत. संध्याकाळी चहा घेताना त्यांना कळलं की सुमनचे गुलाब आखातात जातात, आणि जातात ते विमानानं.

"विमानानं?" ते कप ठेवून म्हणाले.

"मंग काय चालत जात्यात?"

व्याह्यांनी तिला समजावलं, की विमानानं फुलांचा एक खोका न्यायला जेवढा धूर होतो, तेवढ्यात जहाजाच्या गार कंटेनरमधून खोक्यांचा ढीग जातो. आखात काही फार लांब नाही. फूल थंडीत झोपवून ठेवलं तर ते तेवढे दिवस झोपून राहतं. सुमननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, फूल हाय त्ये, कांदा न्हाई. वाटंत मान टाकली तर कोन घेनार?" आबांनी कोपऱ्यातून निकालच दिला, "समिंदराला फूल वाहत्यात. समिंदरावरनं फूल पाठवल्यालं म्या तरी ऐकलं न्हाई."

त्यानंतर माझ्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, आमच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा नाही." व्याह्यांनी कणीक, भाज्या, लोणी सगळं बाहेर काढून फ्रिजमध्ये सुमनच्या कळ्या भरल्या होत्या आणि दारावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी लावली होती. विहीणबाई दूध शेजारणीकडे ठेवत होत्या आणि चहाच्या वेळी जाऊन मागून आणत होत्या. जहाजाच्या प्रवासाला लागतील तेवढे दिवस, वर बंदरातल्या खोळंब्याचे काही, असे सगळे जाऊ देऊन व्याह्यांनी कळ्या काढल्या आणि सुमनच्या ओट्यावर पाण्यात ठेवल्या. आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो, जणू कुणी शुद्धीवर यायचं होतं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. व्याही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनचाच फोन आला, "दादा, उमलतंय की वो!"

एका घरच्या फुलांनी कंटेनर भरत नाही. सुमननं आसपासच्या फूलवाल्यांना गोळा केलं, त्यांच्या शंका ऐकल्या आणि त्यांना तयार केलं. नंतर व्याह्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, यात काय वाकडं झालं तर गावात तोंड मला दाखवायचंय. तुमी काय, दार लावून बसाल."

कंटेनर यायच्या दिवशी व्याही नवा शर्ट घालून आले. ट्रेलर आला आणि त्यांचं तोंड उतरलं, कारण गार ठेवायच्या त्या कंटेनरला जनरेटर जोडलेला होता आणि तो जनरेटर भसाभसा डिझेलचा धूर सोडत होता. धूर वाचवायला फुलं जहाजानं पाठवायची आणि अंगणातच एवढा धूर! पण त्यांनी तयारी केली होती. पॉलिहाऊसच्या शीतखोलीला थ्री-फेज वीज होती. तिथून त्यांनी तळेगावच्या इलेक्ट्रिशियनकडून कंटेनरला बसेल असा जाडजूड प्लग आधीच करून घेतला होता. ड्रायव्हर साशंक होता. "साहेब, काय झालं तर माझी नोकरी जाईल." व्याह्यांनी त्याला तारा, विजेचा दाब, सगळं दाखवून राजी केलं, प्लग जोडला आणि जनरेटर बंद करायला लावला. अंगण एकदम शांत झालं. शेजारच्या झाडावरचा बुलबुल ऐकू यायला लागला. व्याह्यांनी आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू बुलबुलही त्यांनीच आणून बसवलाय.

तेवढ्यात वीज गेली.

अर्धी फुलं अजून बाहेर होती. सगळे व्याह्यांकडे बघू लागले. ते थोडा वेळ वरच्या तारांकडे बघत राहिले, मग ड्रायव्हरकडे वळून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "करा सुरू." जनरेटर भडभडला, धूर थेट त्यांच्या नव्या शर्टावर आला. सुमन पदर तोंडाला लावून इतकी हसली, की आबांनाही हसू आवरेना. "ऱ्हाऊ द्या दादा," ती म्हणाली. "सरकारी लाईट हाय. तुमच्या जहाजावर तरी जात न्हाई का?" व्याहीही मग हसले, आणि वीज आल्यावर पुन्हा उठून प्लग जोडायला विसरले नाहीत.

कंटेनर घाट उतरून बंदरात पोचला. मग कळलं की जहाजच आलेलं नाही. ते बाहेर समुद्रात रांगेत उभं होतं. एक दिवस गेला, मग आणखी एक. सुमनच्या घरी इतर फूलवाले येऊन बसू लागले. कुणी भांडत नव्हतं, नुसते येऊन बसत होते, आणि तेच तिला जास्त जड जात होतं. शेवटी ती व्याह्यांच्या दारात आली. आत काही आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "दादा, माजी फुलं कुटं हायती, येवडंच सांगा. जगली का मेली ते मागनं बघू."

व्याह्यांनी चप्पल घातली आणि मला फोन केला. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक इंजिनिअर आता त्या बंदरात मोठ्या पदावर होता. त्यानं आमचे पास काढून ठेवले. माझ्या गाडीतून आम्ही निघालो, आणि त्या दिवशी घाटात पहिल्यांदाच व्याही मला म्हणाले, "जरा पाय दाबा."

आयुष्यभर ज्या बंदरांची नावं मी फळ्यावर लिहिली, त्यातलं एक शेवटी माझ्यासमोर होतं. कंटेनरांच्या गल्ल्याच गल्ल्या, गावाएवढ्या. गार कंटेनरांची वेगळी आळी होती आणि तिथं प्रत्येकाची वायर खांबाला जोडलेली. आमचा कंटेनर सापडला. व्याह्यांनी चष्मा पुसून त्यावरचा तापमानाचा आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि सुमनला फोन लावला. "सुमनताई, गार आहेत. झोपलीत तुमची फुलं."

"खरं सांगा दादा."

"व्याहीबुवांना विचारा. ते शिक्षक आहेत."

मी फोन घेतला आणि आकडा वाचून दाखवला. मग ती म्हणाली, "जेवलात का दोघं?"

फुलांचं पुढं काय झालं, ते आधी सांगून टाकतो. ती पोचली. कडेच्या काही खोक्यांना बुरशी लागली होती, ती फेकावी लागली. बाकीची उमलली. घेणाऱ्यानं निरोप पाठवला की पुढच्या वेळी कळ्या जरा आणखी मिटलेल्या तोडा. सुमननं लगेच व्याह्यांचा जयजयकार केला, असं काही नाही. फेब्रुवारीतली घाईची फुलं ती अजून विमानानंच पाठवते, "तितं मला धीर न्हाई," म्हणते. एरवीची मात्र जहाजानं जातात, आणि कंटेनर अंगणात आला की प्लग ती स्वतः जोडते. आबा लोकांना सांगतात की ही युक्ती त्यांची.

पण मला आठवतो तो बंदरातला दिवस. फोन ठेवल्यावर तो इंजिनिअर व्याह्यांना म्हणाला, "सर, तुम्हाला एक दाखवायचंय," आणि आम्हाला दुसऱ्या टोकाच्या धक्क्यावर घेऊन गेला. तिथं एक भलंमोठं जहाज उभं होतं. जेवणाची सुट्टी होती, त्यामुळे आसपासचं काम थांबलं होतं. धक्क्यावरच्या एका पेटीतून मनगटाएवढी जाड केबल निघून जहाजाच्या पोटात गेली होती. धुराड्यातून काहीच येत नव्हतं. त्यामागं नुसतं निळं आभाळ.

व्याही त्या केबलपासून थोडं लांबच उभे राहिले. मग म्हणाले, "मी शिकाऊ उमेदवार होतो तेव्हा एका बंदरात आम्ही बरेच दिवस अडकलो होतो. कुंपणापलीकडे वस्ती होती. आमचा जनरेटर काजळी टाकायला लागला की एक बाई घाईघाईनं बाहेर यायची, वाळत घातलेले कपडे गोळा करायची आणि वर धुराड्याकडे बघायची. रोज. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. मी डेकवर उभा असायचो. तिला सांगावंसं वाटायचं की बाई, हे बंद नाही करता येत. नुसतं उभं राहायलासुद्धा जहाजाला जळावं लागतं." ते केबलकडे वळले. "आता करता येतं. आणि ती कुठं आहे कुणास ठाऊक."

त्यांनी पुढं होऊन केबलच्या पेटीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "व्याहीबुवा, खरंच बंद आहे ना?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण चेहरा थट्टेचा नव्हता.

"माझ्या कानात ते चालूच असतं," ते म्हणाले. "निवृत्त झालो तरी एक दिवस थांबलेलं नाही. माणसांचं बोलणं ऐकू येतं, पण त्याच्या मागं घरघर असतेच. घरी कुणाला सांगितलं नाही मी. उगाच काळजी करतात. तुम्ही ऐका आणि मला सांगा."

मी डोळे मिटले आणि ऐकलं. "बंद आहे," मी म्हणालो.

"मग काय ऐकू येतंय?"

"खाली पाणी वाजतंय. आणि वर कुणीतरी भांडी घासतंय."

"भांडी?" ते म्हणाले. "जहाजावर भांडी घासल्याचं ऐकू येतं?"

आणि मान वर करून, मला ऐकू येत होतं ते ऐकायचा प्रयत्न करत, बराच वेळ तसेच उभे राहिले.